भिंतीवरचे एकोणीस अर्थ

उत्तरेश्वर तेलगावचा. माजलगावच्या तहसिलीबाहेर चटई टाकून तो लोकांचे अर्ज तेव्हाच्या सरकारी उर्दूत लिहायचा. परळीला रेल्वे येणार असं ठरलं आणि तिथं बाबूची एक जागा निघाली. अट इंग्रजीची. वीस वर्षं उन्हात बसून दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहिलेल्या उत्तरेश्वराला वाटलं, आता आपणही सावलीत बसावं.

कागद महाग, म्हणून तो माजघराच्या भिंतीवर कोळशानं शब्द लिही. पहाटे बायको दगडाबाई जात्यावर बसली की हा चिमणी धरून मोठ्यानं घोकायचा. लहानपणी फारसी तो असाच शिकला होता. बाकीची क्रियापदं एकेका ओळीत गुमान बसली. ‘टेक’ तेवढं ऐकेना. कोनाड्याखाली त्यानं लिहिलं, घेणे. मग कळलं, गाडीनं जाणं, फोटो काढणं, वेळ लागणं, खुर्चीवर बसणं, सगळ्याला तेच. आपण परीक्षा देतो, इंग्रज ती ‘टेक’ करतो. अर्थ वाढत कोनाड्यापासून जात्यापर्यंत उतरले. एकोणीस.

“कसली जबान बे ही,” तो भिंतीलाच म्हणायचा. “एकच लफज, अन् सारं घर अडवून बसलाय.”

घट बसायच्या आदल्या दिवशी दगडाबाईनं दरसालसारखं घर पांढऱ्या मातीनं पोतारलं. ‘भिंत पोतारू का?’ असं तिनं सकाळी विचारलं होतं; घोकता घोकता हा ‘हूं’ म्हणाला होता. संध्याकाळी तो परतला तेव्हा भिंत ओली आणि कोरी होती. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

तो ओरडला नाही. बोलणंच बंद केलं. पहाटेच उठून मारुतीच्या पारावर जाऊन बसायचा. तिथं त्याला उमगलं, आपण शब्द नाही, भिंत पाठ केली होती. अकराव्या अर्थापुढं डोळ्यांसमोर फक्त ओली माती यायची.

परळीत कागदावर नेमकं तेच क्रियापद होतं : याची होतील तितकी वाक्यं करा. त्यानं अकरा केली. शेजारच्या पोराचा टाक कुरकुरत राहिला. जागा त्या पोराला गेली.

परत आल्यावर तिसऱ्या पहाटे तो पाराकडं गेला नाही. अंथरुणातच पडून होता. जातं सुरू झालं, आणि त्याच्या लयीत दगडाबाई म्हणू लागली : पहिला अर्थ, दुसरा. अकरावा झाला. बारावा आला. अक्षरओळख नसलेली ती बाई एकोणिसाव्यापर्यंत कुठंही अडली नाही.

तो उठून बसला. “हे तुला येत व्हतं?”

“रोज कानावर पडायचं.”

“मग सांगितलं कावून न्हाई?”

तिनं जात्यात मूठभर जवारी टाकली. “तुमी घरात व्हते कुठं? नऊ दिवस मी मोठ्यानं म्हणत व्हते.”

उत्तरेश्वरानं चटई काखेत मारली आणि माजलगावची वाट धरली. मागं जातं थांबलं नव्हतं. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती.