राजेश्वरीबाईंच्या गाडीतला पिवळा दिवा

पन्नाशी उलटल्यावर राजेश्वरीबाई बिराजदार गाडी चालवायला शिकल्या आणि आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीला नवी करमणूक मिळाली. सुरुवातीलाच त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं टेबल हलवलं. मग एका म्हशीसमोर गाडी उभी करून बराच वेळ हॉर्न वाजवला. शेवटी म्हैस बाजूला झाली, तेव्हा बाईंनी खिडकीतून हात काढून तिला नमस्कार केला आणि पुढं गेल्या.

बाई घरी शेंगा चटणी कुटायच्या, कडक भाकरी करायच्या. हा माल दुकानांत पोचवायला रिक्षा कधी यायची, कधी यायची नाही. एके दिवशी त्या चिडून म्हणाल्या, "आता मीच जाते की," आणि जुनी डिझेल गाडी दारात आली. त्यांचे यजमान गुरुसिद्धप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करायचे, नुकतेच निवृत्त झालेले. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला हा माणूस बायकोशेजारी बसला की दोन्ही हातांनी वरची कडी धरायचा आणि कानडीत "निधान, निधान" करत राहायचा. हळू चालव, एवढाच त्याचा अर्थ. बाईंना ते ऐकू यायचं नाही.

गेल्या वर्षी त्यांना नात झाली. सून बाळंतपणाला माहेरी, अक्कलकोटला होती. बारसंही तिथंच ठरलं. बाईंनी सागवानी पाळणा करून घेतला, घोटीव लाकडाचा, चारी कोपऱ्यांना पोपट. तो गाडीच्या टपावर बांधून आपण स्वतः चालवत न्यायचा, हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आणि नेमकी बारशाच्या आठवड्यात गाडी रुसली. पुलाच्या चढावर तिचा दमच गेला. समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. मागून रिक्षावाले ओरडायला लागले.

"उतरून ढकलू का?" गुरुसिद्धप्पांनी आशेनं विचारलं.

"बसा गप!"

रडतखडत गाडी बिरुदेवच्या गॅरेजमध्ये गेली. बिरुदेव बाईंचा ठरलेला मेकॅनिक, त्यांना अक्का म्हणणारा. त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं, पी-०४०१.

"अक्का, ईजीआरचा कोड हाय. इंजिनातनं जो धूर बाहेर पडतो ना, त्यातला थोडा परत इंजिनात सोडतेत. आतली आग लई तापू नये म्हणून. तो धूर कमी जातोय, असं म्हणती गाडी."

"म्हणजे स्वतःचाच धूर स्वतः गिळते?" बाई हसत सुटल्या. "अहो, ऐकलं का? तुमच्या बिडीसारखं झालं की!"

धूर सोडणारा व्हॉल्व्ह बिरुदेवनं खोलला. आत तव्याच्या बुडासारखी काजळी. त्यानं ती खरवडून धुतली, कोड पुसला, आणि बाई गाडी पळवत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर तोच दिवा.

"व्हॉल्व्हच गेला असंल," बिरुदेव फोनवर म्हणाला. "नवा पुण्याहून मागवावा लागतो. बारशाच्या आत न्हाय यायचा."

गुरुसिद्धप्पांचा चेहरा उजळला. "एसटीनं जाऊ. पाळणा मी मांडीवर घेतो."

बाई तडक जाऊन फोनला जोडता येणारा छोटा स्कॅनर घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत कोड पुसायचा, चक्कर मारायची, कोड आला की "आला, आला!" म्हणून ओरडायचं, असा खेळ चालला. मग एकदम त्यांनी बिरुदेवला फोन लावला.

"बिरुदेवा, गाडी म्हणते धूर जात नाही. व्हॉल्व्ह खराब झालाय, असं कुठं म्हणते?"

पलीकडं तो हसला. "व्हय की अक्का! धुतला म्हणून मी तितंच अडकलो. व्हॉल्व्ह उघडायला त्याला एका रबरी नळीतनं हवा ओढून घ्यावी लागती. ती ओढच पोचत नसंल तर? उद्या येतो हवा ओढायचा पंप घेऊन."

"उद्या कशाला? आत्ता सांग, मी बघते."

"पंप न्हाय की तुमच्याकडं! बरं, नवी स्वच्छ नळी घ्या. जुनी काढून ती व्हॉल्व्हला लावा, गाडी चालू ठेवा आणि तोंडानं जोर लावून ओढा. इंजिनचा आवाज बदलला तर व्हॉल्व्ह चांगला. पदर खोचा, पंख्यापासनं लांब ऱ्हावा."

फिश टँकची नवी नळी शेजारच्या शिवकुमारकडं मिळाली. गल्ली जमली. गुरुसिद्धप्पांच्या हातात फोन आणि टॉर्च. गाडी घुर्रर करत उभी. बाईंनी नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि गाल आत जाईस्तोवर ओढलं.

इंजिन अडखळलं. बॉनेट थरथरलं.

बाईंनी नळी सोडली, इंजिन सुरळीत. परत ओढली, परत थरथर. त्यांना एवढा आनंद झाला की त्या ओढतच राहिल्या, आणि गाडी एखाद्या म्हाताऱ्याला गुदगुल्या कराव्यात तशी हलत राहिली. पोरं टाळ्या पिटायला लागली. नेमका तेव्हा अक्कलकोटहून विहीणबाईंचा, सिद्धेश्वरीबाईंचा व्हिडिओ कॉल आला. गुरुसिद्धप्पांनी गोंधळून तो उचलला आणि फोन बायकोसमोर धरला.

"अय्यो! राजेश्वरीताई, तोंडात नळी कसली? सलाईन लावलंय का? अहो, कुठल्या दवाखान्यात आहात?"

बाईंना बोलता येईना, नळी सोडवेना, हसू आवरेना. शेवटी गुरुसिद्धप्पाच म्हणाले, "तिला काही नाही झालं. गाडी आजारी आहे. ही तिला तपासते."

तिकडून सिद्धेश्वरीबाईंच्या हसण्याचा आवाज आणि मागं बाळाचं रडणं एकदमच आलं.

व्हॉल्व्ह धडधाकट होता. म्हणजे खोट अलीकडं. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, बाईंनी जुन्या नळीवरून बोट फिरवत नेलं. मागच्या वळणावर बोट थांबलं. तिथं नळी बारीक दातांनी कुरतडलेली होती. शेजारच्या खाचेत शेंगदाण्याची टरफलं, कापसाचे पुंजके आणि अर्धी कडक भाकरी. मालाच्या गाडीत उंदरानं बिऱ्हाड थाटलं होतं.

"अहो, हा तर आपला गिऱ्हाईक निघाला की!" बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसून पोट धरून हसल्या. गुरुसिद्धप्पाही शेजारी बसले. दोघांना थांबताच येईना.

सकाळी बिरुदेव नवी नळी घेऊन आला. ती बसवली, कोड पुसला, बाईंनी पूल दोनदा चढून दाखवला. दिवा लागला नाही. "व्हॉल्व्ह मागवला असता तर फुकट गेला असता," तो मोकळेपणानं म्हणाला. बाईंनी त्याला चटणीची मोठी पुडी दिली. नळीपाशी सांडू नको, असंही बजावलं.

बारशाच्या दिवशी टपावर पाळणा, पाळण्याचे चार पोपट वाऱ्याला तोंड करून, मागच्या सीटवर भाकरीची चळत. वळसंगच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आडवा चालला होता. बाईंनी आरशात पाहिलं, हॉर्न दिला, गियर टाकला. गाडी सुसाट बाजूनं निघाली. गुरुसिद्धप्पांनी कडी सोडली, काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि ट्रॅक्टरवाल्याला ओरडून सांगितलं, "नातीचं बारसं हाय! या जेवायला!"

ट्रॅक्टरवाल्यानं पत्ता विचारला. तोवर ते बरेच पुढं गेले होते.