क्लोजरचा उजवा हात

मुरलीधर दूध घ्यायचा ते नेहमी मागच्या रांगेतलं. पुढे जुना माल सरकवून ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं ना! डॉक्टरने बीपी नॉर्मल सांगितलं, तर हा मशीन शेवटचं कधी तपासलं ते विचारायचा. त्याची बायको चित्रलेखा सांगायची, "लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हाही हा खालून वाकून बघत होता, मीच आहे का ते." लोक हसायचे. मुरलीधर हसायचा नाही, कारण त्याने खरोखरच बघितलं होतं.

पुण्याहून शिकायला आलेला हा माणूस वीस वर्षांत पक्का सिडनीकर झाला. हॅरिस पार्कात फ्लॅट, काउन्सिलमध्ये लोकांचे घरांचे प्लॅन तपासायची नोकरी. दुसऱ्याच्या कागदात खोट काढायचा पगार मिळतो म्हटल्यावर स्वभाव सुधारणार तरी कसा? युनिव्हर्सिटीत असताना तो बेसबॉलच्या मैदानाशेजारी राहायचा. तिथल्या हेरन्स क्लबला स्कोअर लिहायला माणूस हवा होता. क्रिकेटचा स्कोअर लिहिलेला हात, हा तिथे बसला तो बसलाच. आता तो क्लबच्या पाच जणांच्या कमिटीवर होता, आणि त्या जानेवारीत त्याच्या एका मतावर एका मुलाचं सगळं ठरायचं होतं.

तो मुलगा म्हणजे शंतनू. कॅसल हिलमध्ये वाढलेला, एकोणतीस वर्षांचा, हेरन्सचा क्लोजर. क्लोजर म्हणजे मॅच हातातोंडाशी आली की शेवटच्या डावात येऊन ती निसटू न देणारा पिचर. सीझनमध्ये पंधरा वेळा त्याला बोलावलं, चौदा वेळा त्याने मॅच राखली. या खेळापायी त्याने आयटीतली नोकरी निम्म्यावर आणली होती. आता त्याला दोन वर्षांचा करार वाढवून हवा होता. कमिटीत दोघे हो म्हणत होते. अध्यक्ष ब्रेट आणि आणखी एक जण नाही म्हणत होते. क्लोजरचा हात कधी निकामी होईल याचा नेम नसतो, उद्या कोपर गेलं तर दोन वर्षं घरी बसवून पोसायचं का, असं ब्रेटचं म्हणणं. शिवाय तो डोळा मिचकावून म्हणाला होता, "तू काय मेट, तुझ्याच माणसाला मत देणार."

हे मुरलीधरला झोंबलं. खरंच आपण मराठी मुलगा म्हणून विरघळतोय की काय? आता स्वतःवरच संशय! त्याने स्कोअरबुकं काढली. शंतनूच्या चेंडूचा वेग महिन्याभरात तीन किलोमीटरने उतरला होता. दमला असेल, असं कुणीही म्हणालं असतं. मुरलीधर म्हणाला नाही.

लाँग वीकेंडला घरी सत्यनारायण होता. मुरलीधरची आई दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच राहायची आणि शंतनूवर तिचा भारी जीव; तोही तिला आजीच म्हणायचा. त्यामुळे तो येणारच. पूजा झाली, छोट्याशा हॉलमध्ये तीस माणसं दाटली, आणि मुरलीधर पळीने तीर्थ देत सगळ्यांपुढून फिरू लागला. शंतनूसमोर आला, तर याने पुढे केला डावा हात!

"उजवा कर रे," मुरलीधर म्हणाला.

"सॉरी काका, चालेल ना?" शंतनू ओशाळून हसला. हात काही बदलला नाही.

मुरलीधरने पळी ओतली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. गेल्या वर्षी याच मुलाने उजवा तळवा पुढे करून तीर्थ घेतलं होतं, ओला हात डोक्यावरून फिरवला होता. आजच काय झालं? तळवा वर करून कोपर वाकवायचं, एवढंही याला जमेना? कोपर दुखतंय. लपवतोय. करारावर सही होईपर्यंत दिवस काढतोय लेकाचा!

मग काय, त्याला दुसरं काही दिसेचना. शंतनूने बाटली डाव्या हाताने उचलली, लिहून ठेवलं. बॅग डाव्या खांद्यावर, लिहून ठेवलं. "अरे, मग विचार ना त्याला सरळ," चित्रलेखा वैतागून म्हणाली. "तोंड आहे ना तुला?"

"विचारल्यावर कोण खरं सांगतो?" मुरलीधर म्हणाला. त्याला हे उत्तर फार बरोबर वाटलं.

मीटिंग रविवारी दुपारी होती. मुरलीधरने तीर्थाचं सांगितलं नाही, ब्रेटला ते समजावणार कोण? त्याने उतरलेला वेग सांगितला, बाटली सांगितली, बॅग सांगितली. "माझी खात्री आहे, हात गेलाय," तो म्हणाला आणि नाहीच्या बाजूने हात वर केला. तीन विरुद्ध दोन. आपल्या माणसाच्या विरोधात मत दिलं म्हणून ब्रेटने त्याची पाठ थोपटली. मुरलीधरला बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी मेलबर्नच्या एका क्लबने शंतनूच्या हाताचं स्कॅन केलं. कोपर, खांदा, सगळं ठणठणीत. त्यांनी तीन वर्षांचा करार दिला.

शंतनू लॉकर रिकामा करायला आला, तेव्हा मुरलीधर मैदानाच्या कुंपणाशी उभा होता. जावं की थांबावं ते त्याला ठरवता येईना. शंतनूच जवळ आला. नेहमीसारखा वाकून नमस्कार मात्र त्याने केला नाही.

"मला ब्रेटने सांगितलं, काका. तुम्ही म्हणालात माझा हात गेलाय."

"मग त्या दिवशी तीर्थ डाव्या हातात का घेतलंस?" मुरलीधर एकदम बोलून गेला. हाच प्रश्न महिन्यापूर्वी विचारायचा होता.

"त्यावरून? सीरियसली, काका?" मग तो सावकाश बोलला. "उजवा हात आजीने धरला होता. माझ्या मागे उभी होती ती. तिला कडेचं काही दिसत नाही. मधलंही धूसर झालंय. एवढ्या गर्दीत ती घाबरली होती. माझा हात दोन्ही हातांनी धरून उभी होती, मी कसा सोडवणार?"

"मला बोलली नाही ती."

"तुम्हाला सांगू नको म्हणाली. मुरलीला कळलं तर दहा प्रश्न विचारेल, मग घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही, म्हणाली. मी प्रॉमिस केलं होतं. पण आता मी इथे नसणार. कुणाला तरी माहीत असायला हवं ना."

तो गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मुरलीधरला तेच सहन होईना. आयुष्यभर दुधाच्या तारखा वाचल्या, लोकांच्या भिंती मोजल्या, एका पोराचा डावा हात टिपून ठेवला. आणि रोज समोर बसून चहा पिणारी आई? तिच्याकडे आपण नीट बघितलं होतं कधी?

तो चालतच घरी आला. दार उघडंच होतं. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, तोंड त्याच्याकडेच होतं. तो काही न बोलता तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

आईने मान जराशी तिरकी केली. मग चेहरा उजळला, आणि तिने चाचपडत हात पुढे केला. "शंतनू, आलास का रे?"

"आई, मी आहे. मुरली."

तिने झटकन हात मागे घेतला आणि पदर सारखा केला. "हो, हो, दिसतोयस की," ती घाईघाईने म्हणाली. "मला सगळं दिसतं."