पडदा पडला, महिषासुर राहिला

खोडाळ्याच्या बाजारात आमच्या बोहाड्याची माणसं भेटली की चहा गार होतो, किस्से संपत नाहीत. मुखवटे लावून देवा-राक्षसांची सोंगं नाचवणारी आम्ही माणसं; मी सांबळ वाजवतो. पण शहरातल्या त्या नामांकित नाट्यगृहाच्या वर्धापनदिनाला नाचायला गेलो, तेव्हापासून दुसरा विषयच नाही.

*

मॅनेजरसाहेबांनी आधी थिएटरचा इतिहास सांगितला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची संस्थापकांची. ते वारले, तरी प्रत्येक प्रयोगाला तिथे फूल ठेवतात. कुणी बसत नाही.

सांगून वळले, तर खुर्चीत आमचा रामदास, रावणाचा मुखवटा मांडीवर घेऊन!

"फूल बाजूला ठेवलंय, साहेब," तो म्हणाला. "चुरगाळलं नाही."



*

गावात सोंग गल्लीतून नाचत निघतं ते थेट देवळापाशी थांबतं. मधूनच मागे फिरायची रीत नाही. रामदासचा रावण रंगमंचाच्या टोकाला पोचला, पायऱ्या उतरला आणि लोकांमधून नाचत दाराबाहेर गेला. मी सांबळ वाजवत मागे. काय करणार? चौकातल्या मारुतीपाशी थांबला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सिग्नल सुटला तरी एकही गाडी हलेना.

*

यात वेळ गेला. शेवटी आमच्या काळूकाकांचा महिषासुर आणि देवी यांची लढाई. देवीनं तलवार उगारली आणि पडदा पडला. संध्याकाळच्या नाटकाची मंडळी सामान लावायला ताटकळली होती.

मी हादरलोच. वध झाल्याशिवाय महिषासुराचा मुखवटा उतरत नाही, आणि लढाई सुरू झाली त्याच जागी वध व्हावा लागतो. नाहीतर सोंगाचा मान घरातून जातो. काळूकाकांच्या घरात तो पणजोबांपासून. मी साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"पडलेला पडदा त्याच खेळासाठी पुन्हा वर जात नाही," ते म्हणाले. "इथली परंपरा आहे."

काका मुखवट्यासकट टेम्पोत बसले. पाणी नाही, बोलणं नाही. सोंग बोलत नसतं. त्यांच्याकडे बघून मला रडू येत होतं.

जव्हारच्या अलीकडे फोन वाजला. साहेब होते.

"परत या हो. नाटकवाले रंगमंचावर पाऊल ठेवत नाहीत. म्हणतात, राक्षस अजून जिवंत आहे."

मी ते काकांना सांगितलं. मुखवट्याआडून आवाज आला. उभ्या जन्मात कधी आला नव्हता.

"त्याला सांग, आधी पडदा वर कर. मंग येतो."