मामाने पुरा न केलेला खेळ

आमच्या दुकानात खोक्यावरचं चित्र बघून कोणी खेळ घेत नाही. लोक आधी फळीवर मामाची चिठ्ठी शोधतात.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा. व्हिडिओ गेमच्या या दुकानात तो अठरा वर्षं गल्ल्याशेजारी उभा आहे. मी मागच्या टेबलावर बिघडलेले कंट्रोलर उघडून सोल्डर करते. मी त्याला मामा म्हणते, म्हणून गिऱ्हाइकंही मामाच म्हणतात. त्याचं वय सत्तेचाळीस आणि कंबर साठीची. बसायला स्टूल आहे, पण त्यावर बहुतेक वेळा नव्या मालाचे खोके असतात.

चिठ्ठी अर्ध्या पोस्टकार्डाएवढी, निळ्या पेनाने लिहिलेली, तीन ओळींची. शेवटी एक निकाल: 'घ्या', 'थांबा' किंवा 'जुनाच खेळा'. नियम एकच. खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही.

हा नियम गोष्टीच्या खेळांना फार जड जातो. चार जणांची टोळी घेऊन गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, राक्षस मारायचे, टोळी बळकट करायची. चाळीस-पन्नास तास सहज जातात, आणि त्यातला अर्धा वेळ पडद्यावरचं वाचण्यात. असे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ हल्ली घासूनपुसून नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघतात. त्यांना रीमास्टर म्हणतात. दिवसातून दहा जण विचारतात, "मामा, तोच खेळ पुन्हा विकत घ्यायचा का?"

मामाचं उत्तर ठरलेलं. "सोन्याला उजाळा द्यावाच लागतो. फक्त सोनाराकडून परत आणल्यावर वजन करून बघायचं."

गेल्या महिन्यात त्याच्या सगळ्यात लाडक्या खेळाचा रीमास्टर आला. हा खेळ त्याने तरुणपणी सात वेळा पुरा केलाय. दुकानाच्या मालकीणबाईंनी चाळीस खोकी मागवली. एक खोकं मामा घरी घेऊन गेला.

मामाचं घर दोन खोल्यांचं. टीव्ही ज्या खोलीत आहे तिथेच त्याची मुलगी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. मामी पहिल्या पाळीला पहाटे निघते. मामी गेल्यापासून मुलगी उठेपर्यंतचा दीड तास मामाचा. आवाज बंद करून तो चार पावलांवरच्या पलंगावर बसायचा. वीस मिनिटांत डोकं जड व्हायचं, अर्ध्या तासात हातात कंट्रोलर धरूनच डोळा लागायचा.

"झालं आपलं," तो मला म्हणाला. "एके काळी जेवण विसरून खेळायचो. आता खेळातली म्हातारी येऊन गावची हकिगत सांगायला लागली की मला झोप येते."

"आवडत नाहीये का?"

"आवडतंय गं. चित्रं काय सुरेख केलीत. कुठेही सेव्ह करता येतं. कंटाळवाण्या लढाया तिप्पट वेगाने उरकता येतात. माझ्यासारख्या दमलेल्यासाठीच केलंय सगळं. मीच संपलोय."

दोन आठवड्यांत सहा तास झाले. तिकडे मालकीणबाई रोज फळीकडे बघायच्या. "मामा, चिठ्ठीवाचून एक खोकं हललेलं नाही. तुम्हाला तर हा खेळ तोंडपाठ आहे ना?"

मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं. 'गोष्ट तीच, अस्सल. चित्रं नवी, वेग वाढवता येतो. घ्या.' लिहून झाल्यावर तो बराच वेळ टोपण हातात धरून उभा होता. मी बघितलं, आणि पुन्हा सोल्डरिंगला लागले.

आठ दिवसांत सतरा खोकी गेली. त्यातलं पहिलं शिंपीकाकांनी नेलं होतं. पलीकडच्या गल्लीत त्यांचं कोट-पँटचं दुकान आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, सहा आठवडे घरात बसायचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी हाच खेळ राखून ठेवला होता. शनिवारी सकाळी ते काठी टेकत आले आणि खोकं गल्ल्यावर ठेवलं.

"काय हो मामा, खेळ दिलात की औषधाची बाटली?"

"का, काय झालं?"

"अक्षरं! मुंग्यांची रांग चाललीय टीव्हीवर. जवळचा चष्मा लावला तर पडदा दिसत नाही, लांबचा लावला तर मुंग्या दिसत नाहीत. नाक लावून वाचलं तर नातू म्हणतो, आजोबा टीव्हीचा मुका घेतायत."

मालकीणबाई हसल्या. मामा हसला नाही. "सेटिंगमध्ये बघितलंत?"

"आवाजाला पाच पट्ट्या आहेत, अक्षराला एकही नाही. तीन दिवस वाचायचा प्रयत्न केला, तर डोकं असं धरतं, आणि मग झोप. म्हटलं, गुडघ्याच्या गोळ्यांनी होत असेल."

मामा गल्ल्यावरून पुढे वाकला. "किती वेळात झोप येते?"

"अर्धा तास फार झाला."

मला एकदम उलगडा झाला. जुना खेळ लहान, धूसर टीव्हीसाठी बनवलेला, म्हणून अक्षरं जाडजूड ठेवावी लागत. आता पडद्यावर कितीतरी जास्त ठिपके मावतात, म्हणून कोणीतरी नाजूक अक्षर काढलं, आणि टेबलावरच्या पडद्यासमोर बसून ते छान दिसतंय असं ठरवलं. पलंगावर बसून कोणी वाचून बघितलं नसणार. मी हे सगळं भडाभडा सांगितलं. मामा ऐकत होता की नाही, कोण जाणे.

"मी समजलो, मी म्हातारा झालो," तो स्वतःशीच म्हणाला.

"अहो, पण तुम्ही पुरा केलात ना?" शिंपीकाकांनी विचारलं. "चाळीस तासांत तुम्हाला हे एकदाही खटकलं नाही?"

दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. मालकीणबाईंनी बिलाच्या यंत्रावरून मान वर केली. 'मला दिसतं हो नीट' एवढं मामा म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता.

"नाही केला," मामा म्हणाला. "सहा तास खेळलो. बाकी आठवणीतून लिहिलं."

शिंपीकाकांनी काठी गल्ल्याला टेकवून ठेवली. "म्हणजे मामांनी आम्हालाच मामा बनवलं."

कोणी हसलं नाही. मी धावत जाऊन स्टुलावरचे खोके काढले आणि काकांना बसवलं. मामा फळीकडे गेला. त्या खेळाची चिठ्ठी त्याने काढली. मग आणखी पुढे सरकला, दुसरी काढली, खालच्या फळीवरची तिसरी, कोपऱ्यातली चौथी. चारही रीमास्टरच्या.

"मामा, आज शनिवारची गर्दी आहे," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

"या वर्षातल्या या चारही पुरं न खेळता लिहिल्यात. आधीच्या सगळ्या खऱ्या आहेत." चिठ्ठ्या त्याने गल्ल्यावर ठेवल्या. "काकांचं खोकं परत घ्या. उघडलेलं आहे, तरी घ्या."

मालकीणबाईंनी उसासा टाकला आणि घेतलं. "आणि उरलेल्या तेवीस खोक्यांवर काय लिहिणार? 'मला माहीत नाही'?"

"तेच," मामा म्हणाला, आणि खरंच लिहायला बसला. 'सहाच तास खेळलोय. चित्रं आणि वेग उत्तम. अक्षर फार बारीक. दुकानातल्या टीव्हीपासून चार पावलं मागे उभं राहून वाचा. वाचता आलं तर घ्या. नाहीतर जुना खेळ आणि जुनं यंत्र मिळतं का बघा.'

मी टीव्हीवर खेळ लावला आणि पावलं मोजून फरशीवर काळी चिकटपट्टी मारली.

"दुकान आहे की डोळ्यांचा दवाखाना?" मालकीणबाई म्हणाल्या, पण पट्टी काढायला लावली नाही.

एका कॉलेजच्या मुलीने घडाघडा वाचलं आणि खोकं घेतलं. तिच्यामागच्या बँकेतल्या गृहस्थांनी डोळे बारीक केले, एक पाऊल पुढे टाकलं, आणखी एक टाकलं, मग मान हलवून निघून गेले. जाताना दुसऱ्या एका खेळाच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "हा तरी पुरा केला होता का?"

"केला होता," मामा म्हणाला. गेल्या अठरा वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

"मामा, तुम्ही उभे राहा बघू पट्टीवर," शिंपीकाका स्टुलावरून म्हणाले.

मामा जाऊन उभा राहिला. पडद्यावर पुलाजवळची म्हातारी बोलत होती. त्याने डोळे किलकिले केले, मान तिरकी केली, आणि न अडखळता म्हणाला, "पुलापलीकडे आता आमचं कोणी राहत नाही, पण दिवा आम्ही रोज लावतो."

शब्द अचूक होते. मी जवळून तपासले.

"हे वाचलंत," शिंपीकाकांनी विचारलं, "की आठवलं?"

मामाने डोळे ताणून पुन्हा पडद्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते त्याने शर्टाच्या बाहीने पुसलं.

"आठवलं," तो म्हणाला, आणि पट्टीवरच खाली बसला.