विहिरीत उभं राहून पाहिलेली ग्रामसभा

नांदेडहून निघाले ती खरोसाची लेणी बघायला. लातूरला गाडी बदलून निलंग्याच्या एसटीत बसले, डुलकी लागली, आणि कंडक्टरनं आवाज दिल्यावर घाईघाईत भलत्याच फाट्यावर उतरले. पुढची गाडी दुपारनंतर. स्वतःवरच चरफडत गावात शिरले.

शाळेच्या मैदानावर फक्कीच्या (चुन्याच्या भुकटीच्या) रेघा आखलेल्या होत्या. कबड्डी असेल असं समजून मी आपली मधेच उभी राहिले. एका बाईंनी दंडाला धरून बाजूला घेतलं.

"बाई, आमच्या हिरीत हुब्या हाव तुमी."

मला काही कळेना. या कलावतीबाई. त्यांनीच मग समजावलं. गावाच्या गायरानावर (सामायिक चराईच्या जमिनीवर) डेटा सेंटर येऊ घातलं होतं. म्हणजे रात्रंदिवस चालणारे कॉम्प्युटर, आणि त्यांना आख्ख्या गावाला लागत नसेल एवढी वीज नि पाणी. त्यासाठी नकाशात गायरानाचा हिरवा रंग जाऊन कारखान्यांचा जांभळा यायला हवा. ग्रामसभेनं हो म्हणायचं की नाही, एवढाच प्रश्न. पण कागदावरचे रंग कुणालाच उमजेनात, म्हणून गावानं शेतं-विहिरींसकट नकाशा मैदानावरच आखला. ज्यानं त्यानं आपापल्या शेतात उभं राहायचं.

सगळे उभे राहिले. गायरानाची चौकट मोकळी होती. कलावतीबाई, त्यांचा नवरा आणि सासू तिथं गेले. सासऱ्यांपासून ते ती जमीन कसतात, पण सातबाऱ्यावर नाव नाही. सरपंच नरमाईनंच म्हणाले की कागदावर तिथं कुणीच नाही.

"मग तूर कुणी पेरली?" कलावतीबाईंनी विचारलं.

शेजारच्या शेतातले एक फेटेवाले आजोबा रेघ ओलांडून त्यांच्याजवळ आले. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "हितं पानी उपसलं तर माझा बोर आटंल." घ्या! पण त्यांच्यामागून एकेक जण सरकत गेला आणि ठराव झाला, गायरान द्यायचं नाही. म्हणजे आता डेटा सेंटर येणार नाही ना, असं मी सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, ठराव वर पाठवू, वर काय होईल ते सांगता येत नाही. मग इथं जिंकलं कोण? मी विचार करून थकले.

कलावतीबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आमटी, त्याच गायरानातल्या तुरीची. निघताना त्या तुरीत उभ्या राहिल्या आणि मला फोटो काढायला लावला.

"नीट ठिवा बाई. हितं आमी हाव म्हून दाखवाया कामी येईल."

लेणी राहिलीच. घरी येऊन बघते तर फोनमध्ये तो फोटो सापडेना. मुलगा म्हणाला, काळजी करू नको, फोनमधली जागा भरली म्हणून तो डेटा सेंटरात गेलाय.

"कुठल्या?"

"असेल कुठंतरी, आई."

"कुठंतरी म्हणजे कुणाच्या रानात?"

त्यानं फोटो तेवढा शोधून दिला. सकाळी स्टुडिओत जाऊन मी दोन प्रती छापून घेतल्या आणि एक कलावतीबाईंना पोस्टानं पाठवली. आता त्या कागदावर आहेत. हा कागद कुठं चालतो, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.