आतून लावलेली पट्टी

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा पेन्शनचं काम उरकून मी बुलढाण्याच्या बसस्थानकावर पिंपळगाव राजाच्या गाडीची वाट पाहत होतो. दुपारच्या नमाजानंतर दुकानात जरा टेकला आणि उठलाच नाही म्हणे... आमच्या गावातला शिंपी, माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. याच बुलढाण्यात सात वर्षांपूर्वी त्यानं मला सांभाळलं होतं, आणि मी त्याला नको ते बोललो होतो.

तेव्हा माझ्या आतड्याला खरोखरच पीळ पडला होता, इथल्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. काळवंडलेला तुकडा काढून डॉक्टरांनी दोन्ही टोकं शिवली. शिवणकामाची गोष्ट, मग रशीदभाई खोदून खोदून विचारणारच. डॉक्टर म्हणाले, टाके नुसते टोकं जवळ धरतात, जोड भरून काढतं ते आतडं स्वतःच. आधी कडांची जुनी वीण सैल पडते, मग शरीर नवी घालतं. त्यामुळे मधले तीन-चार दिवस जोड सगळ्यात कच्चा असतो, आणि पेशंटला नेमकं तेव्हाच बरं वाटायला लागतं. रशीदभाईला हे लगेच पटलं. शिवायला घेतलेला सदरा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहताना तोही बजावायचा, "कच्चे टाके हायेत, हात वर करू नका."

पोटातला वारा सरेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग तो वॉर्डाच्या दारात स्टूल टाकून बसला. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोणी येत नाही. केळी, शिरा, खिचडी, सगळं त्यानं परतवून लावलं, माझ्या बायकोचा डबासुद्धा. प्रत्येक नर्सला मात्र गंभीरपणे सांगायचा, "मास्तरचा वारा अजून सरला नाही." चौथ्या दिवशी मला भूक अनावर झाली. घासभर शिरा मागितला.

"नाही भेटत," तो म्हणाला.

"दर्जी हायेस तू, डाक्टर नाही. जाय घरी, तोंड दाखवू नको मले."

तो गेला नाही, स्टूल तेवढं थोडं मागं सरकवलं. सहाव्या दिवशी वारा सरला तेव्हा त्यानं अख्ख्या वॉर्डाला ती बातमी दिली, आणि डॉक्टरांना विचारून पेजेचे पहिले चमचे त्यानंच भरवले.

माफी मागायची राहिली. दोस्तीत कसली माफी, असं म्हणत सात वर्षं ढकलली. भित्रेपणा होता, दुसरं काय...

रशीदभाई गेल्यानंतर पहिल्यांदाच, गेल्या आठवड्यात जुनी पँट सैल करायला दुकानात नेली. आता मशीनवर त्याचा मुलगा सलीम बसतो. त्यानं कमरपट्टा उसवला. आत, बेंबीखालच्या व्रणावर नेमकी येईल अशा जागी, मलमलची दुहेरी पट्टी होती.

"काका, तुमच्या समद्या पँटींले अब्बा हे लावत होते. शिलाई घासू नये म्हणून. तुमाले ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. मला वाटायचं, व्रण पुरता भरून आलाय, म्हणून टोचत नाही.