दादांना ‘उठा’ कोण म्हणणार?

आयुष्यात मी शिडाच्या होडीच्या एकाच शर्यतीत कप्तान झाले, आणि त्या शर्यतीत आम्हाला एका घोडागाडीने मागे टाकलं.

घोडागाडी समुद्रात कशी आली, असं बाहेरगावचे लोक विचारतात. अलिबागचे विचारत नाहीत, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी तो प्रकार किनाऱ्यावर उभं राहून स्वतः पाहिला आहे आणि काहींच्या मोबाइलमध्ये तो अजून आहे.

तर त्याचं असं झालं. मी शाळेतून निवृत्त झाले. सगळी हयात वर्गावर ओरडण्यात गेलेली, आणि एका सकाळी लक्षात आलं की आता माझं ऐकणारं कुणी उरलेलं नाही. (आमचे हे पूर्वीही ऐकत नव्हते, पण तेव्हा मला फुरसत नव्हती म्हणून कळलं नव्हतं!) त्याच सुमारास समजलं, की माझा जुना विद्यार्थी संदेश अलिबागच्या किनाऱ्यावर शिडाची होडी चालवायला शिकवतो. मी गेले. सुकाणू हातात घेतलं, जरासं दाबलं, आणि अख्खी होडी निमूटपणे वळली. उलट उत्तर नाही, ‘बघतो’ नाही, ‘नंतर’ नाही! मी तिथल्या तिथे त्या होडीच्या प्रेमात पडले.

“बाई,” संदेश म्हणाला, “हंगामाच्या सुरुवातीला आपली शर्यत आहे. समोर पाण्यातल्या किल्ल्याला बाहेरून, खोल समुद्राकडून वळसा घालायचा आणि आतल्या, म्हणजे किनाऱ्याकडच्या बाजूने परत. नंबर नाही आला तरी चालेल, पण जे शर्यत पुरी करतील त्यांनाच होडी हंगामभर वापरायला मिळेल. तुमच्यासकट चार माणसं लागतील. मात्र शेवटपर्यंत टिकणारी हवीत हां!”

टिकणारी माणसं! माझ्या योगवर्गातल्या तिघी पहिल्या दिवशी हौसेने आल्या. होडी कलंडली, तिघी खाऱ्या पाण्यात बुचकळून निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी एकीची कंबर धरली, दुसरीकडे पाहुणे आले आणि तिसरीने फोनच उचलला नाही. मग मी ठरवलं, की ज्यांना पळून जाता येत नाही अशीच माणसं घ्यायची. म्हणजे घरची.

ह्यांना मी विचारलं नाही, नुसतं कळवलं. राहिले दोघं. संदेशने सांगितलं होतं, “बाई, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला वजन हवं, नाहीतर होडी आडवी होते.” वजन म्हटल्यावर आमच्या घरात दुसरं नाव डोळ्यांसमोर येतच नाही. माझे थोरले दीर, दादा! चौलला आमच्या नारळाच्या वाडीत दादा ओट्यावर एकदा बसले की केरसुणीसुद्धा त्यांना वळसा घालून जाते. आणि दादा येणार म्हटल्यावर थोरल्या जाऊबाई, म्हणजे शालूवहिनी, आल्याच. “ह्यांना पोहता येत नाय,” वहिनी म्हणाल्या. वहिनींनाही येत नाही, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. जीवरक्षक जाकिटं सगळ्यांना होतीच, फक्त दादांच्या जाकिटाचे बंद जुळेनात म्हणून मध्ये नाडी जोडावी लागली.

सराव सुरू झाला आणि खरा घोटाळा ध्यानात आला. शिडाची होडी वळली की वारा दुसऱ्या बाजूला येतो. शिडाखालचा आडवा दांडा सपकन इकडून तिकडे फिरतो, आणि सगळ्यांनी चटकन वाकून, उठून पलीकडच्या बाजूला बसायचं असतं. सगळ्यांनी म्हणजे दादांनीसुद्धा! आता थोरल्या दिरांना ‘उठा’ म्हणायचं कुणी? लग्न झाल्यापासून मी त्यांना ‘जेवायला या’ आणि ‘चहा ठेवू का’ यापलीकडे काही म्हटलेलं नाही. वर्गात साठ पोरांना एका आवाजात उभं करणारी मी, दादांच्या समोर माझी बोबडी वळली. मग हुकूम असा जायचा :

“अहो, दादांना उठायला सांगा!” मी.

“वहिनी, दादाला म्हणावं जरा उठ,” हे.

“अहो, ऐकलंत काय? उठायला सांगतायत,” वहिनी.

“कोन सांगतंय?” दादा.

तोवर दांडा यायचा आणि निरोप द्यायला मान वळवलेल्या ह्यांच्या टाळक्यात बसायचा. दादा खाली बसलेले, त्यामुळे त्यांच्या डोक्यावरून तो नुसता वारा घालून जायचा. सरावाच्या शेवटी ह्यांच्या डोक्यावर तीन टेंगळं होती आणि दादा एकदाही उठलेले नव्हते.

शर्यतीच्या सकाळी भरती होती, वारा छान होता, सगळ्या होड्या शिडं फडकावत तयार होत्या. मी होडीत पाय टाकणार इतक्यात दादा म्हणाले, “नारळ कुठाय?”

दर्याला नारळ दिल्याशिवाय दादा पाण्यात पाय घालणार नव्हते, आणि तो नारळ चौलला ओट्यावर राहिला होता. मी म्हटलं, “समोर दुकानात मिळेल ना!” (हे मी ह्यांना म्हटलं, ह्यांनी वहिनींना.) दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुकानदारसुद्धा ओशाळला असता.

“आमची नारळाची वाडी हाय,” ते ह्यांना म्हणाले, “आनी मी दर्याला इकतचा नारळ देऊ?”

झालं! हे स्कूटरवर बसून चौलला गेले. शिट्टी वाजली. सगळ्या होड्या गेल्या. संदेश वाळूत येरझाऱ्या घालत होता. “बाई, उशिरा निघालात तरी चालेल, पण ओहोटी लागली तर किल्ल्याच्या आतल्या बाजूला पाणी राहत नाही हो!” हे आले ते वाटेत पेट्रोल भरून, आणि एक सोडून तीन नारळ घेऊन. पहिला चांगला निघेल याची खात्री नव्हती म्हणे! दादांनी तिन्ही निरखले, एक निवडला, शांतपणे दर्याला वाहिला, आणि मग होडीत येऊन बसले. होडी बोटभर खाली गेली.

पण निघालो आणि काय सांगू, आम्ही उडालोच! वारा नेमका दादांच्या बाजूचा. दादा जागचे हलत नव्हते आणि हलायची गरजही नव्हती. किल्ल्याची बाहेरची तटबंदी भराभर मागे पडली. एक होडी आम्ही गाठलीसुद्धा. मला वाटलं, जिंकतो की काय आता! मी आनंदाने ओरडले, “वळा!”

निरोप ह्यांच्याकडे गेला, वहिनींकडे गेला, दादांनी “कोन सांगतंय?” विचारलं, आणि ह्यांना चौथं टेंगूळ आलं. होडीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, मग दुसरी घेतली. आम्ही किल्ल्याच्या आतल्या बाजूला शिरेपर्यंत बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागून लोक वडापाव खात होते. आणि तेवढ्यात खालून खर्रर्र असा आवाज आला. होडी थांबली. मी सुकाणू दाबलं. सुकाणू वाळूत होतं.

बघता बघता पाणी गेलं. भोवती ओली वाळू, मध्ये आमची होडी, होडीत आम्ही चौघं, वर शीड. किनाऱ्यावरून किल्ला बघायला निघालेल्या लोकांची रांग आमच्या शेजारून जाऊ लागली. मग ती घोडागाडी आली. गाडीवाल्याने लगाम ओढून विचारलं, “बाई, किल्ल्यावर सोडू काय? चार सीट बसतील.” दादांकडे पाहून म्हणाला, “तीन.” आणि आम्हाला मागे टाकून गाडी टपटप निघून गेली. मागच्या बाकावरच्या मुली वळून वळून आमचे फोटो काढत होत्या.

संदेश ओल्या वाळूतून चालत आला. चेहरा अगदी पडलेला. “बाई, उतरा आता. पण पाय वाळूला लागला की शर्यतीतून बाद, तेवढं सांगायला आलो.”

होडी गेली! आता पुन्हा घरी बसून ह्यांना ‘टीव्हीचा आवाज कमी करा’ म्हणायचं आणि त्यांनी तो करायचा नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण कप्तान होते, म्हणून आवाज कडक केला. “चला, उतरू या. झाली हौस.”

हे उठले. वहिनींनी डबा आवरला. दादा मात्र बसून.

“मी नाय उठायचा,” दादा म्हणाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलत होते. “सुमन, तुला ही होडी पायजे ना? मग बस खाली. पानी गेलंय ते येनार. दर्या काय आपला पाव्हना हाय, न सांगता जायला?”

टिकणारी माणसं शोधत मी गावभर फिरले, आणि एवढा टिकाऊ माणूस आमच्याच ओट्यावर बसलेला होता!

मग आम्ही बसलो. दुपारभर बसलो. वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. संदेशने बाहेर उभं राहून दोन भाकऱ्या खाल्ल्या, त्याला शर्यतीचा काही नियम आड आला नाही. (पाणी मात्र कुणी प्यायलं नाही, आणि का नाही ते विचारू नका.) परतीच्या वाटेवर गाडीवाल्याने पुन्हा विचारलं, तेव्हा वहिनींनी त्यालाही भाकरी दिली.

ऊन कलायला लागलं तसं पाणी आलं. होडी हलली, तरंगली, वाऱ्याने शीड भरलं. आता एकदाच वळायचं, की समोर किनारा! मी श्वास घेतला आणि म्हटलं, “अहो, दादांना…”

“गप गो!” वहिनी कडाडल्या. पाणी न पिता दुपार काढलेल्या बाईचा तो आवाज होता. “अहो, उठा! पलीकडं बसा! भाऊजी, तुम्ही डोकं खाली घाला आनी दोरी ओढा! सुमन, ते सुकाणू सोड, मी धरते. तू नुसती बोलतेस!”

दादा उठले. खरंच उठले! हे वाकले, दांडा पहिल्यांदाच कुणालाही न लागता वरून गेला, आणि मी सुकाणू कधी सोडलं ते माझं मलाच कळलं नाही. होडी सरळ किनाऱ्यावर गेली. संदेशने एकट्यानेच शिट्टी वाजवली आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

होडी आम्हाला मिळाली. संदेशने विचारलं, “बाई, कप्तान म्हणून नाव कुणाचं?” दादांनी वहिनींकडे बोट दाखवलं, ह्यांनी टेंगळं चाचपत वहिनींकडे बोट दाखवलं, आणि पाहते तर माझंही बोट तिकडेच होतं. आता दर रविवारी मी पुढच्या शिडाची दोरी धरते. परवा संदेशने वहिनींना विचारलं, बाई कशा काय काम करतात? वहिनी म्हणाल्या, “खलाशी चांगली हाय. फक्त वर्गात बडबड करते.”